गवतात नेमके काय उणे?

एक साधे गणित करून पाहू या. गाय गाभण राहिल्यापासून विण्यापर्यंत सुमारे २८३ दिवस जातात. वर्षाचे दिवस ३६५. गाईने दरवर्षी एक वासरू द्यावे असे वाटत असेल, तर व्यायल्यानंतर पुन्हा गाभण राहायला तिच्या हाती उरतात अवघे ८२ दिवस. या ८२ दिवसांत तिचे गर्भाशय पूर्ववत व्हायला हवे, ती माजावर यायला हवी आणि गर्भ ठरायला हवा. शिवाय हे सर्व चालू असताना तिला वासराला दूधही पाजायचे असते.

महाराष्ट्रात आपण गाय पाळतो ती दुधासाठी आणि बैलांसाठी. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेचा पश्चिम भाग अशा ठिकाणी मात्र विस्तीर्ण कुरणांवर मांसासाठी गाईंचे मोठमोठे कळप पाळले जातात. ही गाय गोठ्यात बांधलेली नसते. ती बारा महिने माळावर चरते. तिचे दूध कोणी काढत नाही, ते वासरूच पिते. मालकाला तिच्याकडून वर्षाकाठी एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे वासरू. ज्या वर्षी ती गाभण राहत नाही, त्या वर्षी खर्च तेवढा होतो आणि हाती काही येत नाही. अशी रिकामी गाय बहुधा कळपातून काढली जाते आणि तिची रवानगी कत्तलखान्यात होते.

रिकामी राहण्याचा धोका सर्वांत अधिक असतो तो पहिलारू गाईला. दोन वर्षांच्या सुमारास ती पहिल्यांदा विते. तेव्हा तिची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते. दुधाचे दात पडून पक्के दात येण्याचे तिचे वय असते. अंगावर वासरू पीत असते आणि पायाखालचे गवत बऱ्याचदा वाळलेले असते. दोन वर्षे पोसलेली कालवड एका वासरानंतर कळपाबाहेर जाणे हा लहान पशुपालकाला मोठाच फटका असतो.

यावर सुचणारा उपाय सोपा आहे: वळू सोडण्याच्या हंगामापूर्वी या तरुण गाईंना थोडा वरखुराक द्यावा. पण कशाचा? किती? आणि नेमका केव्हा? शेकडो गाई मैलोन्मैल पसरलेल्या असताना प्रत्येकीसमोर पाटीभर आंबोण ठेवणे परवडत नाही. त्यामुळे ‘गवतात नेमके काय उणे आहे?’ हा प्रश्न विचारणे भाग पडले. या प्रश्नाला शंभर वर्षांत एकामागून एक चार उत्तरे मिळाली. ती कशी मिळाली, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

दारिद्र्याच्या माळावर

दक्षिण आफ्रिकेच्या बेचुआनालँड भागात व्हरायबर्ग गावाजवळ एक शेत होते. त्याचे नाव आर्मूड्सफ्लाक्टे. आफ्रिकान्स भाषेतील या नावाचा अर्थ होतो ‘दारिद्र्याचा माळ’. या प्रदेशातील गुरांना एक विचित्र आजार होई. पायांतली शक्ती जाई, जनावर बसकण मारी, मग जीभ आणि जबडाही लुळा पडे आणि ते मरे. शेतकरी या आजाराला ‘लामसिक्टे’ म्हणत. लुळेपणाचा रोग, असा त्याचा अर्थ. गुरांना आणखी एक खोड असे. ती माळावर पडलेली मेलेल्या जनावरांची हाडे चघळत.

केप वसाहतीचे पशुवैद्य डंकन हचन यांनी १८८०च्या दशकातच या खोडीचा संबंध चाऱ्यातील स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, कमतरतेशी जोडला होता आणि हाडांचा चुरा खाऊ घालण्याचा सल्ला दिला होता. मात्र हा तर्क प्रयोगाने पक्का करण्याचे काम राहिले होते. ते केले आर्नल्ड थायलर यांनी. थायलर मूळचे स्वित्झर्लंडचे. १८९१ साली ते दक्षिण आफ्रिकेत आले. एका शेतावर यंत्रात सापडून त्यांचा एक हात गेला, तरी त्यांनी पशुवैद्यकाचा व्यवसाय सोडला नाही. पुढे १९०८ साली प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपोर्ट येथे त्यांनी उभी केलेली संशोधन संस्था जगभर नावाजली गेली. पीतज्वरावरील लशीसाठी १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे मॅक्स थायलर हे त्यांचेच चिरंजीव.

१९१९ साली थायलर आर्मूड्सफ्लाक्टेला मुक्काम हलवून कामाला लागले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारणांची जी साखळी उलगडली, ती अशी: तेथील मातीत स्फुरद कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गाईच्या शरीरात कमी. शरीरातील सुमारे ८० टक्के स्फुरद हाडांत आणि दातांत असते. तेव्हा स्फुरदाची भूक लागलेले जनावर माळावरची हाडे चघळू लागते. त्या हाडांना चिकटलेल्या कुजक्या मांसात बॉट्युलिनम जातीचे जिवाणू विष तयार करतात आणि त्या विषाने जनावर लुळे पडते. म्हणजे मरण विषाने येत होते, पण जनावराला विषापर्यंत नेत होती ती गवतातली उणीव.

उपायही त्यातूनच निघाला. निर्जंतुक केलेला हाडांचा चुरा रोज थोडा थोडा दिला की हाडे चघळणे थांबे आणि रोगही टळे. थायलर, ग्रीन आणि ड्यू टॉइट या त्रयीने मात्र एवढ्यावर समाधान मानले नाही. त्यांनी एकाच माळावर चरणाऱ्या गाईंचे गट केले. काहींना हाडांचा चुरा दिला, काहींना दिला नाही. बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवल्या. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चुरा न मिळालेल्या गाईंपैकी ५१ टक्के व्यायल्या, तर चुरा मिळालेल्या गाईंपैकी ८० टक्के. गवत तेच, माळ तोच, वळू तेच. फरक होता तो फक्त मूठभर चुऱ्याचा.

स्फुरदाच्या अभावी गाय एकाआड एक वर्षाने विते, असेही अशा प्रदेशांत दिसून आले. एक वर्ष ती वासराला पाजण्यात खर्च करी, दुसरे वर्ष शरीरातील साठा भरून काढण्यात. याचे एक कारण असे, की स्फुरद कमी पडले की जनावराची भूकच मंदावते. त्यामुळे एका खनिजाच्या उणिवेतून ऊर्जा आणि प्रथिने यांचीही उणीव निर्माण होते.

हिरवे गवत वाळते तेव्हा

हाडांच्या चुऱ्याचे यश पाहून असा समज होणे शक्य होते, की सगळ्याच कुरणांचे दुखणे हेच असेल. पण स्फुरद पुरेसे असलेल्या कुरणांवरही कोरड्या हंगामात गाई खंगत. तेथे माळ गवताने भरलेला असे, गाईची पोटे भरलेली असत आणि तरीही वजन उतरे.

हे कोडे सुटायला गाईच्या पोटात डोकवावे लागले. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे रुमेन. आकाराने तो पिंपाएवढा असतो. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव गवतातील तंतुमय भाग आंबवत असतात. १८९१ साली जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ नाथान झुन्ट्स यांनी अशी कल्पना मांडली, की हे सूक्ष्मजीव प्रथिन नसलेल्या साध्या नत्रयुक्त पदार्थांपासूनही प्रथिने बनवत असावेत आणि ते सूक्ष्मजीव पचवून जनावराला प्रथिने मिळत असावीत. १९४९ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लूसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नत्राचा स्रोत म्हणून केवळ युरिया असलेला आहार देऊन दाखवून दिले, की आवश्यक अमिनो आम्ले खरोखरच रुमेनमध्ये तयार होतात. १९६६ साली फिनलंडचे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ विर्टानेन यांनी तर युरिया आणि अमोनियमचे क्षार एवढाच नत्र देऊन, प्रथिन नसलेल्या आहारावर गाईंपासून दूध मिळवले.

यातून कोरड्या कुरणाचा उलगडा झाला. गवत वाळते तसे त्यातील प्रथिनांचे प्रमाण घसरते. ते साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेले की रुमेनमधील सूक्ष्मजीवांनाच नत्र अपुरा पडतो. त्यांची संख्या घटते, गवत आंबण्याची क्रिया मंदावते, पोटातला चोथा पुढे सरकत नाही. पोट भरलेले असल्यामुळे गाय चरणे कमी करते. म्हणजे गवताच्या राशीत उभी असूनही ती उपाशी असते.

आता उपाय पाहा. येथे गाईला खूप धान्य देण्याची गरज नसते. गरज असते ती सूक्ष्मजीवांना नत्र पुरवण्याची. न्यू मेक्सिको राज्यातील मॅककॉलम आणि गॅलियन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. हलक्या प्रतीचे वाळलेले गवत खाणाऱ्या गोऱ्ह्यांना त्यांनी सरकीची पेंड दिली. पेंड दिल्यावर ते गवत कमी खातील अशी आपली अपेक्षा असेल, पण त्यांचे गवत खाणे २७ टक्क्यांनी वाढले! आपल्या शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीची सरकी पेंड कडब्याबरोबर का उपयोगी पडते, याचेही एक कारण यातून कळते. तिचे स्वतःचे पोषणमूल्य आहेच, पण सोबतचा निकृष्ट चारा पचवण्याचे बळही ती सूक्ष्मजीवांना देते.

आणखी एक गमतीची गोष्ट अशी, की असा प्रथिनयुक्त खुराक रोज न देता आठवड्यातून दोन-तीन वेळा दिला तरी चालतो. गाईच्या यकृतात तयार झालेला युरिया सगळाच मूत्रावाटे बाहेर जात नाही. त्यातला काही लाळेवाटे आणि रक्तातून पुन्हा रुमेनमध्ये येतो आणि सूक्ष्मजीव तो वापरतात. मैलोन्मैल पसरलेल्या कळपापर्यंत खुराक पोचवणाऱ्या माणसाचे कष्ट या एका शारीरिक क्रियेमुळे निम्म्याहून कमी होतात.

केव्हा दिले, यालाही महत्त्व

कशाची उणीव आहे, या प्रश्नाला एक जोडप्रश्न होता: ती केव्हा भरून काढावी? विण्यापूर्वी की व्यायल्यानंतर? नेब्रास्का राज्यातील फोर्ट रॉबिन्सन येथे विल्टबँक आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. त्यांचा प्रयोग १९६२ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाची मांडणी इतकी सुटसुटीत आहे, की ती फळ्यावर काढून दाखवता येईल.

हेरेफर्ड जातीच्या प्रौढ गाईंचे चार गट केले. प्रत्येक गटात वीसेक गाई होत्या. पहिल्या गटाला विण्यापूर्वी आणि नंतरही भरपूर ऊर्जा देणारा आहार मिळाला. दुसऱ्याला विण्यापूर्वी भरपूर, नंतर कमी. तिसऱ्याला आधी कमी, नंतर भरपूर. चौथ्याला दोन्ही वेळा कमी. कमी म्हणजे भरपूरच्या निम्मा. गाभण राहिलेल्या गाईंचे प्रमाण अनुक्रमे ९५, ७७, ९५ आणि २० टक्के आले.

हे आकडे नुसते पाहिले तर वाटेल, की विण्यापूर्वीचा आहार महत्त्वाचा नाही, कारण पहिल्या आणि तिसऱ्या गटांचे निकाल सारखेच आहेत. येथेच विद्यार्थ्यांना थांबवून पुढचा आकडा द्यावा. व्यायल्यानंतर ५० दिवसांच्या आत पहिल्या गटातल्या ६५ टक्के गाई माजावर आल्या होत्या, दुसऱ्यातल्या ७६ टक्के. पण तिसऱ्या गटातल्या २५ टक्केच आणि चौथ्यातल्या अवघ्या ६ टक्के. म्हणजे गाय लवकर माजावर येते की नाही, हे मुख्यतः विण्यापूर्वीच्या आहाराने ठरते; आणि माजावर आलेली गाय गाभण राहते की नाही, यावर नंतरच्या आहाराचा मोठा प्रभाव असतो. सुरुवातीचे ८२ दिवसांचे गणित आठवा. तिसऱ्या गटातल्या गाई अखेर गाभण राहिल्या खऱ्या, पण उशिरा. आणि उशिरा गाभण राहिलेली गाय पुढच्या वर्षी उशिरा विते.

हा प्रयोग प्रौढ गाईंवर होता. १९६९ साली डन आणि सहकाऱ्यांनी हेरेफर्ड व अँगस जातींच्या दोन वर्षांच्या पहिलारू गाईंवर तशीच तपासणी केली. निष्कर्षाची दिशा तीच निघाली: आधीच्या उपासाने माज लांबला, नंतरच्या उपासाने गर्भ ठरण्याचे प्रमाण घटले.

याचे कारण काय? १९८८ साली मोंटाना राज्यातील शॉर्ट आणि अॅडम्स या शास्त्रज्ञांनी गाईचे शरीर मिळालेली ऊर्जा कोणत्या क्रमाने खर्च करते, याची एक यादी मांडली. सर्वांत आधी शरीर जिवंत ठेवणे, मग हालचाल, मग वाढ, मग किमान साठा, पोटातला गर्भ, दूध आणि त्यावर थोडा अधिक साठा. त्यानंतर, जवळजवळ तळाशी, येते ते पुन्हा माजावर येणे आणि नवा गर्भ धारण करणे. प्रौढ गाईच्या बाबतीत या यादीतली ‘वाढ’ ही पायरी जवळपास रिकामी असते. पहिलारू गाईच्या बाबतीत ती भरलेली असते आणि ती दुधाच्याही आधी येते. तेव्हा गवत थोडे जरी उणे पडले, तरी काट बसते ती यादीच्या तळाला. मेंदूतून अंडाशयाला मिळणारे संप्रेरकांचे संदेश विरळ होतात आणि अंडे सुटत नाही. निसर्गाच्या दृष्टीने हा दोष नाही. आहे ते वासरू आधी जगवण्याची ही व्यवस्था आहे.

गाईच्या अंगावर साठा किती आहे, हे ओळखण्याची सोपी रीतही याच काळात रुजली. टास्मानियात जेफरीज यांनी १९६१ साली मेंढ्यांच्या पाठीवर हात फिरवून ० ते ५ असे गुण देण्याची पद्धत सांगितली. पुढे गाईंसाठी अमेरिकेत १ ते ९ गुणांची श्रेणी प्रचलित झाली. बरगड्या, पाठीचा कणा आणि शेपटीचा भाग पाहून हे गुण देतात. यंत्र लागत नाही, तराजूही लागत नाही. लागते ती सरावलेली नजर.

पोट भरलेले, पण साखर अपुरी

चौथे उत्तर सर्वांत नवे आहे आणि त्याचा पाया घातला गेला तो केंब्रिज येथे. १९४४ साली बारक्रॉफ्ट, मॅकअॅनली आणि फिलिप्सन यांनी दाखवून दिले, की रुमेनमध्ये गवत आंबून तयार होणारी अॅसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तेथूनच रक्तात शोषली जातात. गाईची बहुतेक ऊर्जा या आम्लांतून येते. आपण भात-भाकरी खाल्ली की आतड्यातून ग्लुकोज रक्तात जाते. गवत खाणाऱ्या गाईला असे तयार ग्लुकोज जवळजवळ मिळतच नाही. ते तिला यकृतात बनवावे लागते आणि त्यासाठी या तीन आम्लांपैकी मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लच उपयोगी पडते. वाळल्या गवतापासून नेमके तेच कमी बनते, अॅसेटिक आम्ल अधिक बनते.

इकडे दुधातली साखर बनवायला ग्लुकोज लागते, वाढीला लागते आणि प्रजननाची घडी बसायलाही लागते. न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातील वॉटरमन, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी म्हणून असा विचार केला, की तरुण गाईला खुराक देताना त्यात ग्लुकोजचा कच्चा मालच घालावा. त्यांनी रुमेनमध्ये सहजी न विरघळता पुढे जाणारी प्रथिने वापरली, कारण त्यांतील काही अमिनो आम्लांपासूनही ग्लुकोज बनते. जोडीला कॅल्शियम प्रोपिओनेट हा क्षार वापरला. पावाला बुरशी येऊ नये म्हणून बेकरीत घालतात तोच हा क्षार. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात हा क्षार मिळालेल्या तरुण गाई व्यायल्यानंतर लवकर माजावर आल्याचे दिसले. अर्थात पाऊसमान बदलले की गवत बदलते आणि गवत बदलले की पुरवणीचा परिणामही बदलतो, हे कुरणावर काम करणाऱ्या आम्हा सर्वांनाच ध्यानात ठेवावे लागते.

चार उत्तरे, एक रीत

स्फुरद, नत्र, ऊर्जा आणि ग्लुकोज. या चारांपैकी खरे उत्तर कोणते, असे एखादा विद्यार्थी विचारील. चारही खरी आहेत, पण आपापल्या माळापुरती. आर्मूड्सफ्लाक्टेच्या गाईला नुसता प्रोपिओनेट देऊन भागले नसते आणि स्फुरद पुरेसे असलेल्या कुरणावर हाडांचा चुरा वाया गेला असता. पुरवणी या शब्दातच हे आले. जे आहे त्यात भर घालायची, तर आधी काय आहे आणि काय नाही हे मोजावे लागते.

उत्तर एकदा सापडले म्हणजे ते कायमचे झाले, असेही नाही. ज्या हाडांच्या चुऱ्याने आर्मूड्सफ्लाक्टेच्या गाई वाचवल्या, त्याच प्रकारच्या प्राणिजन्य खाद्याचे एक भयंकर रूप १९८६ साली ब्रिटनमध्ये ओळखल्या गेलेल्या ‘मॅड काऊ’ रोगाच्या निमित्ताने पुढे आले. रोगी जनावरांच्या अवशेषांपासून बनवलेल्या मांस-हाडांच्या भुकटीतून तो पसरत होता. १९८८ साली ब्रिटनने रवंथ करणाऱ्या प्राण्यांची प्रथिने त्याच प्राण्यांना खाऊ घालण्यावर बंदी आणली. पुढे अनेक देशांनी तसे केले. आज स्फुरदाच्या पुरवणीसाठी डायकॅल्शियम फॉस्फेटसारखी खनिजे वापरली जातात. गाईची गरज १९२०च्या दशकात होती तीच आहे. ती भागवण्याचा मार्ग बदलावा लागला.

या शंभर वर्षांत टिकून राहिली ती रीत. दोन गट घ्यायचे, एकच गोष्ट वेगळी ठेवायची आणि काय होते ते धीराने मोजायचे. शाळेच्या आवारात दोन कुंड्यांवरही हे करता येते: माती एकच, बी एकच, पाणी सारखे आणि एका कुंडीत चिमूटभर खत. मुलांनी ‘खत घातले की झाड वाढते’ असे म्हटले, तर त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा: या मातीत नेमके काय उणे होते, आणि ते तुम्हाला कसे कळले?